लिटल ड्रमर गर्ल: नाटक करणाऱ्यांनी तर बघायलाच हवी

मी ठाण्याची, हौशी नाटकं करते आणि ही सिरीज मी आमच्या अख्ख्या ग्रुपला बघायला लावलीय, म्हणून म्हटलं इथे पण लिहावं. ‘द लिटल ड्रमर गर्ल’, बीबीसीची, २०१८ ची, सहाच एपिसोड. जॉन ल कारे यांची १९८३ ची कादंबरी आहे, त्यावरून काढलीय. वरवर बघाल तर हेरगिरी, बॉम्ब, प्रेमप्रकरण, सगळा मसाला आहे, पण मला विचाराल तर ही तालमीची गोष्ट आहे आणि त्या विषयावर इतकं भारी मी दुसरं काही बघितलं नाहीये.

काळ १९७९ चा. पश्चिम जर्मनीत बॉनजवळ बाड गोडेसबर्गला एका इस्रायली अधिकाऱ्याच्या घरी एक मुलगी सुटकेस ठेवून जाते, त्यात बॉम्ब, आणि घरातलं लहान पोर जातं. म्युनिक ऑलिंपिकमध्ये १९७२ ला इस्रायलच्या टीमची ११ माणसं मारली गेली होती, त्यानंतरचा हा युरोप, सगळीकडे संशय. इस्रायली हेरांचा म्होरक्या कर्ट्झ, त्याला बॉम्बच्या मागचा पॅलेस्टिनी खलील हवाय. पण तो बंदूकवाला पाठवत नाही, लंडनच्या छोट्या नाटक कंपनीतली चार्ली नावाची नटी उचलतो. कंपनीला ग्रीसला बोलावणं येतं, तिथे बीचवर तिला एक गप्प गप्प देखणा माणूस भेटतो, बेकर, आणि ही पडते ना प्रेमात. तो कर्ट्झचाच माणूस!

खरी मजा पुढे आहे. खलीलचा धाकटा भाऊ सलीम कर्ट्झच्या माणसांच्या ताब्यात असतो आणि चार्लीने त्याची प्रेयसी म्हणून खलीलपर्यंत पोचायचं असतं. मग न झालेलं प्रेम पहिल्यापासून उभं करायचं, कुठे भेटलो, तो काय बोलला, पत्रात काय लिहिलं, सगळं. आणि तालमीत सलीम कोण होतो? बेकर! म्हणजे पॅलेस्टिनी माणसाचं दुःख, त्याचं गेलेलं गाव, त्याचा राग हे सगळं तिला इस्रायली हेराच्या तोंडून ऐकायला मिळतं, तो इतकं मनापासून बोलतो की आपण पण विसरतो हा कोण आहे, आणि मधेच तो स्वतःच्या आवाजात परत येतो तेव्हा तिचा चेहरा बघा. चार्ली झालेल्या फ्लोरेन्स प्यूने तिथे काही म्हणजे काही केलेलं नाहीये, नुसते डोळे एक क्षण उशिरा हलतात. ज्याने कधी इमोशनल सीनच्या दहा-दहा तालमी केल्यात त्याला कळेल हे किती अवघड आहे. आई माझ्या बाजूला बसून बघत होती, ती सारखी विचारत होती, “अगं, हिला नक्की कोण आवडतो, हा की तो?” बरोब्बर तोच तर प्रश्न आहे, चार्लीला पण उत्तर माहीत नाहीये.

दिग्दर्शक कोरियाचा पार्क चान-वूक, त्याची ही पहिलीच टीव्ही सिरीज. हेरांच्या गोष्टी नेहमी करड्या, पावसाळी दाखवतात, याने पिवळा, निळा, लाल असे ठसठशीत रंग वापरलेत. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर रात्रीचा एक सीन आहे, खरोखर तिथेच शूट केलेला, चार्ली पिवळ्या ड्रेसमध्ये, आजूबाजूला चिटपाखरू नाही, ते उजळलेले खांब आणि ती आणि बेकर, दोघंच. इतकं रोमँटिक की आपल्याला धोका दिसतच नाही. पुढे तीच मुलगी एकटी स्फोटकं भरलेली लाल मर्सिडीज युगोस्लाव्हियातून ऑस्ट्रियाकडे घेऊन जाते तेव्हा पोटात गोळा येतो.

ल कारेंची सावत्र बहीण शार्लट कॉर्नवेल स्वतः नटी होती, चार्ली तिच्यावरूनच सुचली. म्हणूनच बहुतेक नाटकवाल्यांचं जगणं इतकं खरं उतरलंय, ती भांडणं, त्या पार्ट्या, सतत कोणीतरी आपल्याकडे बघावं ही भूक.

काही गोष्टी खटकल्या पण. पहिले दोन एपिसोड कोण कोणाचा माणूस हे लावण्यातच जातात, सबटायटल लावूनच बघा आणि फोन बाजूला ठेवा. मायकेल शॅननचा कर्ट्झ तसा जबरदस्त, पण त्याचे उच्चार कधीकधी ओढून ताणून वाटतात. मोठी तक्रार वेगळी आहे. चार्ली लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी कॅम्पमध्ये जाते, तिथल्या मुलांबायकांमध्ये राहते, आत्तापर्यंत बेकरच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिला पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकू येतं, आणि नेमकी तिथेच सिरीज घाई करते. हेरांच्या खोलीतल्या चर्चा थोड्या कापल्या असत्या तरी चाललं असतं, कॅम्पला मात्र अजून एक अख्खा एपिसोड द्यायला हवा होता.