भेंडीवरचे तुडतुडे: ट्रायकोकार्ड, फवारणी की पानाच्या शिरेतली माशी?

इंदूरजवळ ज्यांची अर्धा-एक बिघा भाजी आहे, किंवा ज्यांनी गच्चीवर ग्रो बॅगांत भेंडी लावली आहे, त्यांच्यापुढे पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. पानांच्या कडा पिवळ्या पडून वळायला लागतात आणि पान उलटलं की तुडतुड्यांची फिकट हिरवी पिल्लं खेकड्यासारखी तिरकी पळतात. निमाडातले कापूसवाले यालाच ‘हरा मच्छर’ म्हणतात. दुकानात गेलात तर ‘इमिडा’ची (इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची) बाटली पुढे येते, आणि ‘जैविक काही आहे का’ विचारलंत तर ट्रायकोकार्ड.

कार्डाचं आधी उरकतो: तुडतुड्यांसाठी ते घेऊ नका. वस्तू खोटी नाही, रोग वेगळा आहे. कार्डावर तांदळातल्या पतंगाची (कॉर्सिराची) साधारण 20,000 अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा ही इवलीशी परजीवी माशी वाढत असते. बाहेर आल्यावर ती पतंगांचीच अंडी शोधते, कारण ती पानावर, कळीवर उघडी पडलेली असतात. तुडतुड्याची मादी मात्र अंडं पानाच्या शिरेत खुपसते. भेंडीत अळी निघत असेल, शेंडे सुकत असतील, तर तिथे हे कार्ड बरोबर जागी आहे.

शिरेतल्या अंड्यापर्यंत पोचणाऱ्या माश्या निराळ्या. त्यांचं कूळ मायमॅरिडी. भेंडी-कापसावरच्या आपल्या तुडतुड्याच्या (अमरास्का बिगुटुला) अंड्यांवर त्यातल्या अनाग्रस आणि अरेस्कॉन या माश्या येतात. अंगानं जेमतेम अर्धा मिलिमीटर, पंख म्हणजे एक बारीक दांडी आणि कडेनं लांब केसांची झालर. मादी शिरेवरून शिंगं आपटत चालते, आतलं अंडं हुडकते आणि शिरेच्या सालीतून त्यात आपलं अंडं घालते. पुढे तुडतुडा जन्मतच नाही. त्याच्या अंड्यातून माशी बाहेर पडते. पिल्लू निघालेल्या जागी चीर दिसते, माशी निघालेल्या जागी कुरतडलेलं गोल भोक. वीसपट मोठं दाखवणारं भिंग असेल तर खालच्या पानांच्या शिरांवर हे बघता येतं, आणि माझ्या मते कुठलाही पैसा खर्च करण्याआधी हेच बघावं.

मग ही माशी विकत का मिळत नाही? कारण तिला तांदळातल्या पतंगाची अंडी चालत नाहीत. जिवंत झाड, त्यावर जिवंत तुडतुडे, त्यांची ताजी अंडी, एवढा संसार मांडल्याशिवाय ती वाढत नाही. कार्डावर चिकटवून कुरिअर करण्यासारखी ही चीज नव्हे.

आता दुसरी परजीवी, ड्रायनिडी कुळातली. हिची ख्याती मोठी: मादीच्या पुढच्या पायांना चिमटे, त्यात तुडतुडा धरायचा, डंखानं थोडा वेळ लुळा करायचा, अंडं घालायचं. अळी वाढते तशी तुडतुड्याच्या पोटाबाहेर पिशवी लोंबते आणि तो पुढे प्रजननाच्या कामाचा राहत नाही. काही माद्या तर अंडं घालण्याऐवजी त्याला खाऊनही टाकतात. पण हे चिमटेवाले प्रकार भातावरच्या तुडतुड्यांवर भेटतील. भेंडीवरचा तुडतुडा ज्या बारीक गटातला आहे, त्या गटावर अफेलोपस नावाची भावकी येते आणि तिला चिमटे नसतात. पिशवी मात्र तिचीही तशीच लोंबते. शेतकऱ्याच्या हिशेबानं फरक एवढाच की अंड्यातली माशी नुकसान होण्याआधीच मारते, तर पिशवी वागवणारा तुडतुडा मरेपर्यंत रस शोषतच राहतो. म्हणून भरवसा ठेवायचा तर पहिलीवर.

परदेशातला दाखला देऊन कुणी ‘माशी सोडा’ म्हणेल, तर तो नीट ऐकावा. ताहितीत 1999 साली एक मोठा परका तुडतुडा पोचला. 2005 मध्ये त्याच्या अंड्यांवरची गोनाटोसेरस माशी सोडली आणि काही महिन्यांत त्याची संख्या 90 टक्क्यांहून जास्त घटली. पण तिथे शत्रू मागे ठेवून कीड पुढे गेली होती. आपला भेंडीचा तुडतुडा इथलाच (2023 मध्ये तो प्युर्टो रिकोत पोचला आणि आता अमेरिकेतले कापूसवाले हैराण आहेत), त्याच्या माश्याही इथेच आहेत. आपल्याकडे प्रश्न त्यांना मारून न टाकण्याचा आहे.

फवारणी इथेच आडवी येते. इमिडाक्लोप्रिड तुडतुड्यांवर चालतं, पण माश्यांवरही चालतं, आणि तेच तेच मारत राहिलं की तुडतुडे दाद देईनासे होतात. शिवाय भेंडी एक दिवसाआड तोडायची. फवारल्यावर तोडणीआधी थांबण्याचा लेबलवरचा काळ घरात कोण पाळतो? कीटकनाशकाची प्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं त्यापेक्षा मला बरं वाटतं. रोप लहान असताना तेवढं संरक्षण पुरतं आणि वरून फवारा उडत नाही. पिवळे चिकट सापळे अंदाज घेण्यापुरते एक-दोन लावा. ढिगानं लावले तर याच माश्या त्यावर चिकटतात.

युरियाचा हात आखडता घ्या, कोवळ्या लुसलुशीत पानांवर तुडतुडे तुटून पडतात. सेंद्रिय शेतीचे आद्य पुरस्कर्ते अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदुरातच होते आणि कीड ही पिकाच्या बिघडलेल्या तब्येतीची खूण आहे, असं मानायचे. सगळं पटतं असं नाही, पण युरियापुरतं पटतं. बांधावर धने-शेपा फुलू द्या, माश्यांना मध मिळतो.

कापसात पानामागे सरासरी दोन पिल्लं ही फवारणीची पातळी धरतात. शेत असेल आणि त्याखाली असाल तर थांबा, भिंग वापरा. कडा लाल होऊन पानं वाटीसारखी वळली असतील तर माशीची वाट बघण्यात अर्थ नाही; संध्याकाळी पानांच्या खालून निंबोळी अर्क मारा, आणि त्यानं भागलं नाही तरच बाटली उघडा, तीही एकदाच. गच्चीवर दहा-बारा झाडं असतील तर एवढाही विचार नको: वळलेली पानं खुडा, पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून द्या आणि पुढच्या खेपेला दाट लव असलेल्या पानांचं वाण शोधा, त्यावर तुडतुड्यांचं फारसं फावत नाही.