पाईपला रंगीत ॲक्रिलिक स्टेम: अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

वेंगुर्ल्याच्या हवेत एबोनाइटच्या स्टेमचं, म्हणजे तंबाखूच्या पाईपच्या तोंडात धरायच्या नळीचं, काय होतं ते आधी सांगतो. काळ्याभोर नळीवर मृगात तपकिरी झाक येते, श्रावणापर्यंत ती शेवाळी होते, आणि दिवाळीला पाईप तोंडात धरला की विझलेल्या काडेपेटीच्या काडीची चव लागते. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि ओलावा लागला की त्याचा पृष्ठभाग खराब होतो आणि गंधक चवीत उतरतं. घाटावर हे सावकाश होतं. इथे पडवीत झोपाळ्यावर बसून ओढायची सवय असली की फार दिवस लागत नाहीत. वॉटर पेपर मारून आणि बफ करून काळं करता येतं, पण दर खेपेला नळी थोडी झिजते आणि दाताखालची कड बोथट होत जाते.

माझी नोकरी जहाजांच्या इंजिन रूममध्ये झाली, त्यामुळे पाईप बंदराबंदरांतून जमलेले. लाकूड सगळ्यांचं अजून उत्तम. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ, ती सहजी दगा देत नाही. नळ्या मात्र चावून चावून पार गेलेल्या, एकीला तर दाताने आरपार भोक. म्हणून स्टेम बदलायचे ठरवले आणि ठरवलंच आहे तर रंगीत का नकोत, असं म्हणून ॲक्रिलिकचे करून घेतले.

काम केलं सावंतवाडीच्या एका लेथवाल्याने. घरात पूर्वी लाकडी खेळणी कातायचे, आता तो मशीनचे सुटे भाग कातून देतो. रॉड मी मागवून दिले, हाताने फाउंटन पेन बनवणारे वापरतात तेच. एक दर्यासारखा निळा, त्यात पांढरे ढग, एक हापूसच्या गरासारखा पिवळा, एक लाल-काळा. मजुरीसकट एका स्टेमला हजाराच्या आतबाहेर खर्च आला. परदेशातून तयार मागवले असते तर नुसत्या पोस्टेजलाच तेवढे गेले असते.

आता मुद्द्याचं. रंग बघून लोक भाळतात, पण सगळं काम आहे ते लाकडात जाणाऱ्या खुंटीचं. तयार स्टेमला बहुधा ॲक्रिलिकचीच खुंटी असते आणि ॲक्रिलिक ठिसूळ. पाईप गरम असताना पिळून काढला किंवा हातातून फरशीवर पडला की खुंटी मुळात तुटते आणि तुकडा पाईपच्या लाकडी दांड्यात अडकून बसतो. त्यामुळे मी खुंटी डेलरिनची बसवून घेतली. यंत्रांच्या बुशेसना वापरतात तेच प्लास्टिक, गुळगुळीत आणि चिवट. त्याची एकच खोड, त्याला गोंद धरत नाही. म्हणून स्टेममध्ये बसणाऱ्या टोकावर लेथवर बारीक खाचा पाडायच्या आणि मग इपॉक्सी लावायचं. खाचा नसतील तर ती खुंटी आज ना उद्या दांड्यात राहणार आणि स्टेम तुमच्या दातांत.

माप घेण्याचा मोसमही बघायला हवा. आपल्याकडे लाकूड मे महिन्यात सुकलेलं असतं आणि जुलैत फुगतं. निळा स्टेम मेमध्ये अगदी फिट बसला होता, पाऊस लागल्यावर हलेना. जोर लावून पिळलं तर दांड्याला चीर जाते. पाईप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला, खुंटी आकसली आणि स्टेम सुटला. सुरमईशेजारी ती पिशवी बघून सौ.नी विचारलं, ‘हा कुठला मासा?’ नंतर खुंटीवरून बारीक पेपर फिरवून घेतला. उन्हाळ्यात किंचित सैल वाटली तरी चालेल, तेवढ्यापुरतं बोटभर मधमाशीचं मेण पुरतं.

भोकाकडेही बघा. माझ्या पाईपांच्या दांड्यातलं भोक ४ मिमीचं आहे. स्टेमचं भोक तिथून सुरू होऊन ओठांकडे चपटं आणि रुंद होत जायला हवं. लेथवाले एकाच ड्रिलने सरळ भोक पाडून मोकळे होतात. मग ओढताना शिट्टी वाजते, वाफेचं पाणी साचतं आणि पाईप गुरगुरतो. खुंटीचं टोक आणि दांड्यातल्या भोकाचा तळ यांच्यात फट राहिली तरी तेच. पाईप-क्लीनर अडथळ्याशिवाय तळापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर काम परत करायला लावा.

दाताखाली ॲक्रिलिक कडक लागतं, यात वाद नाही. एबोनाइट थोडं दबतं, हे दबत नाही. गंमत म्हणजे माझी कवळी आणि स्टेम दोन्ही एकाच जातीच्या प्लास्टिकची, त्यामुळे टकटक आवाज येतो. पाईप दातात धरून बागेत काम करायची सवय असेल तर रबरी टोपी चढवावी लागते, आणि टोपी चढवली की रंगाची अर्धी शोभा गेली. हातात धरून ओढणाऱ्याला फरक पडत नाही.

सफाईची पद्धत बदलावी लागते. एबोनाइटला आपण बिनदिक्कत दारूत बुडवलेला क्लीनर घालतो. ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की आतून केसासारख्या बारीक चिरा पडतात. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, बस्स. काजूची दारू फक्त लाकडाच्या भोकात, तीही स्टेम बाजूला काढून. (उरलेली कुठे जाते ते विचारू नये.)

पिवळ्या स्टेमबद्दल तक्रार आहे. जुन्या मीरशॉम (पांढऱ्या, मऊ खनिजाच्या) पाईपांना अंबरचे, म्हणजे पिवळ्या अश्मीभूत राळेचे, स्टेम असत, तो थाट येईल म्हणून हौसेने घेतला. पण रंग अर्धपारदर्शक, त्यामुळे आतून डांबराची तपकिरी रेघ उजेडात लख्ख दिसते. घासून फिकी होते, जात नाही. गडद, अपारदर्शक रंगच घ्या. बाजारात निळा पाहून एका म्हाताऱ्याने ‘ह्यां काय रे, बाळाचो खुळखुळो?’ म्हणून विचारलं, तेवढं सोसायची तयारी असावी.

वाकडा पाईप असेल तर सावध. एबोनाइट उकळत्या पाण्यात वाकवण्याइतकं मऊ होतं. ॲक्रिलिकला त्याहून जास्त उष्णता लागते, म्हणजे हॉट एअर गन आलीच, आणि जरा जास्त झाली की आत बुडबुडे. वाकवताना भोकात पाईप-क्लीनर ठेवायचा, नाहीतर भोक दबून बंद होतं. पीटरसन या आयरिश कंपनीच्या पाईपचा मूळ स्टेम मी बदललाच नाही. त्याचं पी-लिप, म्हणजे धूर टाळूकडे सोडणारं वरचं भोक, १८९८ सालचं पेटंट, आणि ते साध्या लेथवर नीट जमणार नाही असं लेथवाल्यानेच सांगितलं.

पाऊस संपला तेव्हा तिन्ही स्टेमवर ना हिरवी झाक, ना गंधकाची चव. याच शेल्फवरचा एबोनाइटचा जुना पाईप मात्र शेवाळलेला. तंबाखूने व्हायचं ते नुकसान कुठल्याही रंगाच्या नळीतून होतंच, आमचे डॉक्टर दर भेटीत बजावतात. पण पाईप ओढणारच असाल आणि समुद्राजवळ राहत असाल तर ॲक्रिलिक, डेलरिनच्या खुंटीसकट. दाताखालचा मऊपणा मात्र आठवतो, म्हणून कंबरलँड नावाने मिळणारा लाल-तपकिरी रेघांचा एबोनाइट रॉड मागवलाय. तो पाईप फक्त ऑक्टोबर ते मे, पुढे डब्यात.