एक्सचेंज सेमिस्टर: प्रोजेक्टला पैकीच्या पैकी, ऑफिसला भोपळा

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीच्या एक्सचेंज प्रोग्रॅममधून एक सेमिस्टर युरोपात काढून आलोय, जायचा विचार असेल तर वाचा.

आधी चांगलं. जॉइंट डिझाइन प्रोजेक्ट. टीममध्ये सहाजण, त्यातले दोघं अमेरिकेतून ऑनलाइन. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने ब्रॅकेटचं घाईघाईत काढलेलं स्केच पाठवलं, हिडन लाइनी (मागच्या न दिसणाऱ्या कडा दाखवणाऱ्या तुटक रेषा) नाहीत, व्ह्यू कुठल्या पद्धतीने मांडलेत ते सांगणारं प्रोजेक्शनचं चिन्हही नाही, मी आपलं नेहमीसारखं फर्स्ट अँगल (उजवीकडून दिसणारी बाजू कागदावर डावीकडे काढायची पद्धत) धरून मॉडेल केलं, तर ते निघालं थर्ड अँगल (उजवी बाजू उजवीकडेच), म्हणजे उजवीकडच्या व्ह्यूमधली खाच मी बिनधास्त डाव्या बाजूला टाकली आणि हे कळलं कधी, तर थ्रीडी प्रिंट हातात आल्यावर 😅 दोन्ही पद्धती परीक्षेसाठी पाठ होत्या हो, पण त्या दिवशी खऱ्या कळल्या. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर न्यूटन-सेकंद आणि पाउंड-सेकंद या दोन एककांच्या घोळात गेलं ते वाचून हसलेलो, आता नाही हसत.

लेक्चर ठीकठाक. इंटरनॅशनल डे म्हणजे झेंडे आणि फोटो, सोडा.

आता आमचं इकडचं ऑफिस. जाण्याआधी क्रेडिटचं विचारलं तर काउंटरवरून उत्तर, 'आपली डिग्री वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये बसते, काळजी करू नका.' अहो, १९८९ चा तो करार मान्यताप्राप्त डिग्री एकमेकांच्या तोडीच्या मानण्याबद्दल आहे, एकेका विषयाच्या क्रेडिटशी त्याचा काय संबंध? तिकडे सेमिस्टरला ३० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम आणि त्यात घरचा अभ्यास, असाइनमेंट सगळं धरतात. आमच्याकडे फक्त लेक्चरचे तास मोजले आणि हीट ट्रान्सफरचे ५ चे ३ केले. सव्वाशे तास घासून परत तोच पेपर द्यायचा!

जाणार असाल तर तिकडे कुठले विषय घेणार त्याचा लेखी करार असतो, त्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर प्रत्येक विषयासमोर इकडचा विषय आणि किती क्रेडिट मिळणार हे लिहून घ्या, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही शिक्क्यासकट, विमानात बसायच्या आधी. तोंडी 'होऊन जाईल' वर जाऊ नका. माझ्यासोबत गेलेल्या एकीने हे केलेलं, तिचे सगळे क्रेडिट आले. माझा अर्ज अजून टेबलावरच आहे.

५ पैकी ३ स्टार, तिन्ही प्रोजेक्टचे.