सिमेंटमागचं कुजलेलं ओक

इंग्लंडमध्ये जुनं घर घ्यायचा विचार असलेल्यांनी हे जरूर वाचावं. आमची जन्माची पुंजी यात अडकली आहे.

सफोकमधल्या एका छोट्या गावात 16व्या शतकातलं घर विकायला होतं. ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि मधे कुडाच्या भिंती: हेझलच्या काटक्या, त्यावर माती, पेंढा, शेण. कोकणातलं आजोळचं घरही कुडाचंच, त्यामुळे माझा जीव लगेच जडला. घर 'ग्रेड टू लिस्टेड' होतं, म्हणजे कायद्याने संरक्षित. विकणारे गृहस्थ वयस्कर आणि अतिशय सभ्य. त्यांनी चहा पाजला, बागेतली सफरचंदं पिशवीत भरून दिली. बाहेरून नुकताच गुलाबी रंग काढलेला होता.

सर्व्हेला, म्हणजे घर घेण्याआधीच्या तपासणीला, एजंटने स्वतःच्या ओळखीचा माणूस सुचवला. तो अर्ध्या तासात घर बघून गेला. बँकेचं मूल्यांकनही झालं होतं, आम्ही निर्धास्त झालो. पण ते मूल्यांकन बँकेच्या कर्जापुरतं असतं, घराच्या तब्येतीशी त्याचा संबंध नसतो.

पहिल्या पावसाळी हिवाळ्यात दिवाणखान्यात कुबट वास सुटला. मी जमिनीलगतच्या आडव्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आलं ते ओलं, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं. पूर्वी या भिंतींना चुन्याचा गिलावा असायचा. त्यातून ओल वाळून जाते. इथे कोणीतरी त्यावर सिमेंट थापलं होतं. फटींतून शिरलेलं पाणी मागेच कोंडलं आणि सांगाड्याचा पायाच कुजला. नवा रंग त्याच्या भेगा झाकायला होता.

पुढचा घाव कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडून आला. समोरच्या चार खिडक्या प्लॅस्टिकच्या. त्या बसवायला 'लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट' ही परवानगी घेतलेलीच नव्हती. विक्रीच्या फॉर्मवर मात्र 'कोणतेही बदल केलेले नाहीत' असं त्या गृहस्थांनी सही करून लिहिलं होतं. 1990च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय असं काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. तो करणाऱ्याचा, आमचा नाही. पण खिडक्या बदलायची नोटीस घराच्या आजच्या मालकाला येते, आणि काम होऊन कितीही वर्षं झाली तरी ती येऊ शकते. आमच्या सॉलिसिटरने, म्हणजे खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाने, कौन्सिलच्या नोंदी उघडून पाहिल्याच नव्हत्या. खिडक्या प्लॅस्टिकच्या आणि परवानगीची नोंद नाही, एवढं जरी विचारलं असतं!

म्हणून कळकळीने सांगते, सर्व्हेअर स्वतः शोधा. लाकडी सांगाड्याच्या घरांवर काम केलेला हवा, आणि पूर्ण स्ट्रक्चरल पाहणी करणारा. भिंतीवर सिमेंट दिसलं तर त्यामागचं लाकूड तपासल्याशिवाय सही करू नका. प्रत्येक बदलाची परवानगी कागदावर मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका.

विकणाऱ्यावर दावा लावता येतो, आम्ही लावलाही आहे. त्यांच्या वकिलाचं अजून उत्तर नाही. दरम्यान सुतारांनी सिमेंट उतरवलंय. समोरची भिंत उघडी आहे, आणि मातीत कोणा गवंड्याची चारशे वर्षांपूर्वीची बोटं उमटलेली स्पष्ट दिसतात.