सौनाच्या फळ्यांमागं थर्माकोल निघालं, परभणीतला आमचा अनुभव

घरातला सौना (आतून लाकडी फळ्या लावलेली, हीटरनं तापवायची खोली), स्टीम रूम असलं काही रिनोव्हेट करायचं चाललं असेल तर हे पूर्ण वाचा, कारण ही फसवणूक होते ती लाकडाच्या मागं, अन् एकदा फळ्या ठोकल्या की मागं काय कोंबलंय ते कुणाला दिसत नाही.

आमच्या घरी वरच्या मजल्यावर छोटा सौना आहे, सहा बाय पाच, उंची सात फूट. भैय्या फिनलंडला नोकरीला होता, तिथं 55 लाख लोकांमागं 30 लाखांच्या आसपास सौना आहेत, त्याला सवय लागली अन् परत आल्यावर त्यानं बांधून घेतला. परभणीच्या उन्हात सौना कशाला असं लोक विचारतात, पण आमच्याकडं थंडीत पारा एक आकडी येतो, तेव्हा अण्णांचे गुडघे लई धरतात, त्यांना त्या सुक्या गरमीनं बरं वाटायचं. फळ्या काळ्या पडल्या, हीटरची कॉइल गेली, म्हणून नवीन करायचं ठरलं.

काँट्रॅक्टर छत्रपती संभाजीनगरचा. त्याच्या एस्टिमेटमधे काहीच चुकीचं नव्हतं. हेमलॉक लाकूड (डिंक न गळणारं), फळ्यांमागं गरमी अडवायला रॉकवूल म्हणजे दगडाच्या तंतूंची न जळणारी गादी, ओल अडवायला अॅल्युमिनियम फॉइल, सहा किलोवॅटचा हीटर, एकूण 2 लाख 80 हजार. एका घनमीटरला साधारण एक किलोवॅट धरतात अन् आमची खोली सहा घनमीटरला टेकते, म्हणजे हिशोबही बरोबर. भैय्यानं स्वतः तपासून हो म्हणलं. मग "मटेरियल मुंबईहून निघालंय, दर वाढायलेत" करत करत त्यानं बहुतेक रक्कम आधीच उचलली, तीही बायकोच्या खात्यावर, अन् आम्ही नांदेडला लग्नाला गेलतो तेवढ्यात भिंती बंद करून मोकळा झाला.

चालू केल्यावर वरच्या बाकाला 80 डिग्री तरी यायला पाहिजे, काटा 55 च्या पुढं सरकेना. डोकं दुखेल असा वास यायला लागला. छताच्या फळीतल्या गाठीतून गरम चिकट डिंक अण्णांच्या खांद्यावर पडला, फोड आला. सौनाच्या हीटरवर गरमी धरायला दगड रचतात, त्यातला एक तडकन फुटून तुकडा दारावर आदळला, ते नदीतले गुळगुळीत गोटे होते, आत ओल असली की तापल्यावर फुटतात. फोन केला तर म्हणतो, "ताई, तुमच्या परभणीला व्होल्टेजच कमी ए, हीटर बिचारा काय करणार." आता व्होल्टेज पडलं की हीटरची ताकद खरंच पडते, त्यामुळं ऐकणाऱ्याला पटतंच.

मग आमचे वायरमन मामा आले. त्यांनी आधी व्होल्टेज बघितलं, 230 च्या वर. मग हीटरच्या वायरला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, आकडा 19 वर येऊन थांबला. मामा म्हणले, "सहा किलोवॅट असता तर 26 अँपिअर ओढला असता, हे साडेचारचं धूड ए." खाली वाकून प्लेट नखानं खरवडली तर सहाच्या स्टिकरखाली दुसरा स्टिकर, त्यावर 4.5. वायर 2.5 स्क्वेअर एमएमची टाकलेली, सहा किलोवॅटला सहाची लागते. खरंच सहाचा हीटर बसवला असता तर ही वायर भिंतीत तापून पेटू शकली असती, अन् दाराला आतून कडी! सौनाचं दार बाहेर उघडणारं, ढकललं की निघणारंच पाहिजे, आतल्या माणसाला चक्कर आली तर?

भैय्यानं तिथंच एक फळी काढली. मागं रॉकवूल नव्हतं, फ्रिजच्या खोक्यात येतं तसलं थर्माकोल होतं, हीटरच्या बाजूला आकसून पिवळं पडलेलं. फॉइल नावाला नाही, म्हणून ओल भिंतीत शिरून पलीकडच्या बेडरूमचा रंग पोपडे होऊन सुटत होता. अन् हेमलॉक म्हणून लावलेलं लाकूड म्हणजे खोक्याचं पाइन, वर व्हॉर्निश मारलेलं. आतल्या लाकडाला व्हॉर्निश मारतच नाहीत, वास त्याचाच होता. अण्णा रोज त्या वासात बसायचे हे आठवलं की अजून संताप येतो.

जाब विचारल्यावर आधी नंबर ब्लॉक केला, मग दुसऱ्या नंबरवरून "वीस हजार घ्या अन् मिटवा" म्हणला. आम्ही नाही म्हणलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. व्यवहार 5 लाखांच्या आत असला तर तिथं फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची असते. व्हॉट्सअॅपवरचं एस्टिमेट, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, उघड्या भिंतीचे फोटो, थर्माकोलचा तुकडा, दोन्ही स्टिकर सगळं जपून ठेवलंय.

हाच माणूस आता लातूर, नांदेडकडं कामं धरायलाय असं कानावर आलंय. कुणाला असंच एस्टिमेट आलं असेल तर रॉकवूल अन् फॉइल डोळ्यानं बघितल्याशिवाय एकही फळी ठोकू देऊ नका, ओळखीचा वायरमन उभा करून मीटर लावून घ्या अन् निम्मे पैसे तोपर्यंत हातात ठेवा. आमचा सौना सध्या उघडाच पडलाय, केसचा निकाल लागेपर्यंत वकिलांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय.