विंडोज ११ होम, चौदा महिन्यांनंतर: कुलूप लावलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं

लॅपटॉपचे स्पेक्स सगळीकडे सापडतात, ते परत लिहीत नाही. ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११ होम; दुकानात समोरच मांडून ठेवलेला असतो तसा. मी कराडला घरूनच दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि जीएसटीची रिटर्न्स भरते, त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास हाच समोर असतो. अकराव्या महिन्यापर्यंत मला विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते. त्यानंतर माझं मत दोनदा बदललं.

झालं असं की चार्जिंग बंद पडलं. वॉरंटी संपायला तीन आठवडे होते, म्हणून लगेच सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. त्यांनी मदरबोर्ड बदलला, एक रुपया घेतला नाही. १७ तारखेला संध्याकाळी लॅपटॉप घरी आला. ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख २०, आणि नऊ दुकानांचं काम शिल्लक. चालू केला तर निळा पडदा, आणि त्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की टाका म्हणून रिकामी चौकट. डिस्कला कुलूप लावायचं बटण मी त्या दिवसापर्यंत पाहिलंसुद्धा नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "मॅडम, की नसेल तर फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाईल." बोर्ड बदलण्याआधी हे का नाही सांगितलं? तर म्हणे, जॉबशीटवर लिहिलंय, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. लिहिलेलं होतं, मी सहीही केली होती. पण चार्जिंगसाठी दिलेल्या लॅपटॉपचा डेटा जाऊ शकतो हे त्या बारीक अक्षरांतून मला कसं कळावं? रोज दहा बोर्ड बदलणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतं. "की काढून ठेवलीय का?" एवढं एक वाक्य काउंटरवर विचारायला काय लागतं? या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. माझा टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, पण बारा दिवसांपूर्वीचा. बारा दिवसांची बिलं परत घालायची म्हणजे दोन रात्री जागायचं.

रात्री फोनवर वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. विंडोज होममध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाची, डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय असते. लॅपटॉप पात्र असेल आणि पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, की ती आपोआप सुरू होते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर तिच्या अटी आणखी सैल झाल्यात. रोजची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम चिपमध्ये असते, म्हणून वापरताना काही जाणवत नाही. बोर्ड बदलला की चिप बदलते, आणि डिस्क नव्या चिपला ओळखत नाही. अशा वेळेसाठी ४८ आकड्यांची दुसरी किल्ली त्या खात्यात जपून ठेवलेली असते. माझ्या खात्यात पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

मग आठवलं. घेतला त्या दिवशी दुकानातला मुलगा म्हणाला होता, "काकू, पाच मिनिटांत सेटअप करून देतो." त्याने दुकानाच्या खात्याने साइन इन करून घेतलं आणि नंतर माझं वेगळं खातं उघडून दिलं. दुकानाचं नाव साइन इनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात दिसायचं. अकरा महिने मी ते पाहत होते आणि कधी विचारलं नाही.

तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. मालकांना रात्री साडेनऊला फोन केला. भला माणूस, परत दुकान उघडलं, वहीतून पासवर्ड शोधला आणि ते पान उघडलं. पानावर एक नाही, एकोणीस लॅपटॉपच्या किल्ल्या. माझ्या निळ्या पडद्यावर की आयडी दिसत होता, त्याची पहिली आठ अक्षरं मी वाचली आणि त्यांनी यादीत शोधली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. ते जोडीने वाचायला लागले, "एकोणसत्तर, एकोणऐंशी", आणि फोनवर ते दोन्ही मला सारखेच ऐकू यायला लागले. तिसऱ्या गटाला पडदा पुढेच जाईना. इथे एका गोष्टीचं मनापासून कौतुक करते: यातला प्रत्येक गट ११ ने भाग जाईल असा बनवलेला असतो, त्यामुळे चूक कोणत्या गटात झाली ते तिथल्या तिथे कळतं, सगळे ४८ आकडे पहिल्यापासून घालावे लागत नाहीत. शेवटी एकेक आकडा सुटा वाचायचं ठरलं. सहा, नऊ, सात, नऊ. दहा वाजून वीस मिनिटांनी माझा डेस्कटॉप दिसला. तिन्ही दिवस काम करून २० तारखेला नऊही रिटर्न्स गेली.

त्यानंतरचा महिनाभर माझं म्हणणं एकच होतं: काही लपवू नका. सामान्य वापरणाऱ्याला समजणार नाही म्हणून जे झाकून ठेवता, त्याचा फटका त्यालाच बसतो. होम घेतला तर ग्रुप पॉलिसी एडिटर (आतल्या सेटिंग्ज बदलायचं साधन) नाही, बिटलॉकरचं (डिस्कच्या कुलपाचं) पूर्ण पान नाही, ते हवं तर प्रो घ्या आणि जास्तीचे पैसे मोजा. कुलूप मात्र होमलाही लागतं. मी होम घेतला तो पैसे वाचवायला, आणि काटकसर करणाऱ्याच्या हातात कमी माहिती असावी हे मला आजही पटत नाही.

त्या तावात मी सगळं उघडून बसले. राइट क्लिकचा जुना मेनू परत आणला. फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते आजही कंट्रोल पॅनेलच्या पॉवरच्या पानात आहे, आणि आधी 'सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला' या ओळीवर टिचकी मारावी लागते. ते सुरू असलं की शट डाऊन केलं तरी लॅपटॉप पुरता बंद होत नाही, पुरता नव्याने सुरू होतो तो रिस्टार्टने. ही साधी गोष्ट इतक्या आत का ठेवायची? इथपर्यंत सगळं ठीक चाललं. मग 'लॅपटॉप दुप्पट वेगवान करा' असला एक व्हिडिओ पाहून सर्व्हिसेसची, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या प्रोग्रामांची, यादी उघडली आणि त्याने सांगितलेल्या चौदा सर्व्हिस बंद केल्या. त्यात छपाईची कामं प्रिंटरकडे पाठवणारी प्रिंट स्पूलर होती. दुसऱ्या दिवशी प्रिंटर चालेना. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा घातला, प्रिंटरवाल्याला बोलावून तीनशे रुपये दिले. दोन दिवस ग्राहकांची बिलं समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली. शेवटी स्वतःच यादीत जाऊन ती सर्व्हिस परत सुरू केली तेव्हा कागद बाहेर आला.

तिथे मत परत बदललं. सर्व्हिसेसची ती यादी पहिल्या पानावर असती तर माझ्यासारख्या शंभर जणांचे प्रिंटर बंद पडले असते. ती आत आहे तेच बरं आहे. अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून डेव्हलपर ऑप्शन्स असेच ठेवलेत: बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा, मग ते दिसतात. ज्याला खरंच हवंय तो सात वेळा मारतो, आणि चुकून कुणाचं बोट सात वेळा पडत नाही. एवढं दार मला मान्य आहे.

पण कुलूप लागलंय ही बातमी म्हणजे सेटिंग नव्हे. माझ्या कपाटाला काय केलंय ते मला कळायलाच हवं, चावी फिरवायचं बटण कितीही आत ठेवा. फाइलच्या नावाचंही तेच. विंडोज ९५ पासून फाइलचं शेपूट, म्हणजे डॉट पीडीएफ किंवा डॉट ईएक्सई, मुळातच झाकलेलं असतं. मे २००० मध्ये आय लव्ह यू व्हायरस जगभर पसरला तो याच आडोशाने: नाव डॉट टीएक्सटी दिसायचं, पुढचं डॉट व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणाऱ्या प्रोग्रामचं शेपूट, झाकलेलं. मला रोज ग्राहकांच्या नावाने बिलं मेलवर येतात. त्यात एखादं डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असेल तर मला ते पहिल्या नजरेत दिसायला हवं. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स. मी ते सुरू केलंय, आणि माझ्या मते ते सगळ्यांना सुरूच मिळायला हवं.

एन्क्रिप्शन मी बंद ठेवलेलं नाही, हेही सांगते. लॅपटॉप घेऊन मी एसटीने साताऱ्याला जाते, त्यात लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट असतात. चोरीला गेला तर ते कुणाला वाचता येऊ नये. एकदा बंद करून डिस्क पूर्ण मोकळी होऊ दिली, दुकानाचं खातं काढलं, माझ्या खात्याने साइन इन करून परत सुरू केलं. ज्यांना आपलं तपासायचंय त्यांनी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहावं. सुरू दिसलं तर लगेच आपल्या खात्यात की आहे का ते फोनवरून बघावं आणि कागदावर लिहून घ्यावी. माझी एलआयसीच्या फाइलमध्ये आहे.

लॅपटॉपला आज चार तारे. अर्धा कापला तो या न सांगण्याबद्दल. सर्व्हिस सेंटरला शून्य.

मागच्या आठवड्यात माऊस घ्यायला त्याच दुकानात गेले. मालकांनी गल्ल्याखालून एक कागद काढून दाखवला. त्या पानावरचे एकोणीस लॅपटॉप, कुणी कधी घेतला ते बिलबुकातून शोधून समोर नावं आणि फोन नंबर. अकरा नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या, त्यांना किल्ल्या लिहून दिलेल्या. उरलेल्या आठांपैकी पाचांचे नंबर बदललेत, तिघं फोन उचलत नाहीत. त्यातले दोघं माझ्याच गल्लीतले निघाले. त्यांची नावं मी लिहून आणली आहेत.