स्पेक्टर लायब्ररी: खोल डेटासाठी खरंच कामाची
क्लोजर या प्रोग्रॅमिंग भाषेमधे नेस्टेड (एकात एक असलेला) डेटा बदलायचा म्हणजे मॅपच्या (की-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या) आत व्हेक्टर (क्रमवार यादी), त्याच्या आत परत मॅप, मग अपडेट-इनच्या (आतली व्हॅल्यू बदलणाऱ्या फंक्शनच्या) आत अजून एक अपडेट-इन लिहीत बसायचं आणि शेवटी वाचणाऱ्याला काय चाललंय तेच कळत नाही. स्पेक्टर घेतल्यापासून हे सुटलं. कुठे जायचं तो पाथ सांगायचा, काय करायचं ते फंक्शन द्यायचं, बाकी सगळं स्पेक्टरचं ट्रान्सफॉर्म बघतं, जुना डेटा जसाच्या तसा राहतो. तोच पाथ त्याच्याच सिलेक्टला दिला की नुसत्या व्हॅल्यू बाहेर! पाथमधेच आकडा सम आहे का ते तपासणारं फंक्शन टाकलं तर फक्त सम आकडे बदलतात, हे मला फारच आवडलं.

आणि मुख्य म्हणजे व्हेक्टर व्हेक्टरच राहतो. क्लोजरचं साधं मॅप फंक्शन (प्रत्येक घटकावर काम करणारं) लावलं की हातात व्हेक्टरऐवजी सीक्वेन्स येतो, मग कॉन्ज (नवा घटक जोडणारं फंक्शन) शेवटी जोडायच्या ऐवजी सुरुवातीला जोडतं, या एका बगमधे माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

स्पीडपण मस्त, पाथ आतून कॅश होतो (एकदा तयार करून साठवला जातो). झाडासारख्या डेटासाठीचा रिकर्सिव्ह (स्वतःलाच परत वापरणारा) पाथ समजायला मात्र वेळ लागतो. आणि दोनच लेव्हल असतील तर अपडेट-इन पुरे, उगाच डिपेंडन्सी वाढवू नका.